सरासरीत लपलेली खोली

रुपेश थूलचा हात लहानपणापासून जड होता. बाप श्रावण थूल रेल्वेत गँगमन, पुलगावजवळच्या रुळांवर हातोडा चालवणारा माणूस. बापाच्या हातोड्याचं वजन पोराच्या मुठीत उतरलं, असं क्वार्टरमधले लोक म्हणायचे. आठवीत असताना शाळेच्या हौदावर एका पोरानं रुपेशला जातीवरून शिवी दिली. रुपेशनं त्याला मानेला धरून हौदाच्या काठावर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पोराचे पुढचे दात पाण्यात पडले, पाणी लाल झालं, तरी रुपेशचा हात थांबेना. मास्तरांनी कंबरेला मिठी मारून मागं ओढलं तेव्हा कुठं सुटला. त्या दिवशी तो स्वतःलाच पहिल्यांदा भ्यायला. मास्तर आले नसते तर आपण थांबलो असतो का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी श्रावण त्याला घेऊन त्या पोराच्या घरी गेला. अंगणात हात जोडून उभा राहिला. पोराचा काका पायऱ्या उतरून आला आणि काही न बोलता श्रावणच्या कानाखाली वाजवली. श्रावण जागचा हलला नाही. "तुमच्या पोराचे दात गेले, तुमचा राग बरोबर आहे. शिवी मात्र आमच्या पोरानं नाई दिली," एवढंच म्हणाला आणि वळला.

परतताना रुपेश रडत रडत म्हणाला, "तुम्ही काऊन नाई मारलं त्याले?"

"मी मारलं असतं तं आज आपण दोघंही घरी नसतो पोचलो," श्रावण म्हणाला. "मले राग नाई आला असं वाटते का तुले?"

त्या काकाला रुपेशनं कधी माफ केलं नाही. आणि खरं सांगायचं तर बापालाही पुष्कळ वर्षं केलं नाही.

पुढं पोरगा अभ्यासाला लागला. आधी डिप्लोमा, मग नागपुरात डिग्री, मग पुण्यात नोकरी. तिथं तो एक वेगळं काम शिकला. इमारत बांधायच्या आधीच ती संगणकात उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन, वारा, पाऊस सोडायचा आणि आतल्या माणसाला काय सोसावं लागेल ते पाहायचं. बाप वारल्यावर तो वर्ध्याला परत आला. काजलशी लग्न झालं. ती एका दवाखान्यात नर्स. नोकरी मिळाली ज्ञानेश्वर सरांच्या ऑफिसात. ज्ञानेश्वर म्हणजे वर्ध्यातलं चलतीचं नाव, जिनिंग-प्रेसिंगची शेड असो की शाळा, नकाशा त्यांच्याकडूनच जायचा. त्यांना रुपेशच्या विद्येचं कौतुक होतं, कारण तिच्यामुळे बांधकाम स्वस्त पडायचं.

स्वस्त कसं, तर असं. भिंत किती जाड, छतावर काय घालायचं, खिडकी केवढी, छज्जा किती बाहेर, याचे हजारो मेळ सॉफ्टवेअर एकामागून एक करून पाहतं आणि त्यातला सगळ्यात कमी खर्चाचा शोधून काढतं. त्याला मोकळं सोडलं तर ते खिडक्याही काढून टाकील आणि छतही पत्र्याहून पातळ करील. म्हणून त्याला मर्यादा घालून द्यावी लागते : खर्च पाहिजे तेवढा कमी कर, पण याच्यापलीकडे गरमी जाऊ देऊ नको. रुपेश ऑफिसातल्या वैभवला हे शिकवायचा. वैभव आष्टीचा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, हुशार आणि जरा भित्रा.

"सॉफ्टवेअर म्हणजे बकरी समज," रुपेश म्हणायचा. "कुंपणाले जिथं भोक असंन, तिथूनच ते शेतात घुसते. बकरीवर चिडून फायदा नाई. कुंपण पाह्यजो."

बाबारावचं काम आलं तेव्हा हेच कुंपण मधे आलं. बाबारावची जिनिंग कारंजा घाडगेच्या अलीकडे, महामार्गावरच्या ढाब्यांच्या मागं. बाहेरगावचे मजूर तिथंच राहायचे, त्यांच्यासाठी दुमजली क्वार्टर बांधायचे होते. सरकारी योजनेतून मदत मिळणार होती, त्यामुळे कागदावर गरमीची अट होती : उन्हाळ्यात झोपायच्या वेळी आत चौतीस अंशांच्या वर जाऊ नये. ज्ञानेश्वरांनी ती मर्यादा पूर्ण इमारतीच्या सरासरीवर लावायला सांगितली. रुपेशनं लावली, सॉफ्टवेअर चालवलं, निकाल आला. सरासरी चौतीसच्या आत. खर्च मनासारखा.

पण रुपेशला खोल्या एकेक करून पाहायची सवय होती. वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची शेवटची खोली उघडली आणि तो खुर्चीत सरळ बसला. दुपारचं ऊन छतानं आणि दोन भिंतींनी खाणारी ती खोली. सॉफ्टवेअरनं तिचा छज्जा काढून टाकला होता, छत पातळ केलं होतं, खिडकी तिकिटाच्या खिडकीएवढी करून ठेवली होती. खालच्या खोल्या थंड, त्यांच्या थंडाव्यात हिची आग मिसळून हिशेब जमवला होता.

"सर, हे पाहा," तो ज्ञानेश्वरांना म्हणाला. "हिच्यात झोपायच्या वेळेले चाळीस राह्यते. मरंन माणूस."

"बिल्डिंग चौतीसच्या आत आहे ना?"

"आहे."

"मंग झालं तं. बाबारावनं बिल्डिंगचंच मागितलं."

"बिल्डिंगमंधी कोणी झोपत नाई, सर. खोलीत झोपते."

ज्ञानेश्वर हसले. माणूस वाईट नव्हता. डोक्यावर कामं फार आणि गिऱ्हाईक सांभाळायची कला अंगी मुरलेली. "बरं, तुह्या पद्धतीनं करून दे. दाखवतो मी बाबारावले," म्हणाले.

रुपेशनं मर्यादा बदलली. सरासरी काढून टाकली आणि प्रत्येक खोलीवर वेगवेगळी अट लावली : एकही खोली चौतीसच्या वर नको. सॉफ्टवेअर तेच, पण आता त्याला भोक सापडेना. त्यानं पश्चिमेला खोल छज्जा दिला, वरच्या छतावर जाड थर घातला, भिंतीत वर झरोके पाडले. खर्च चढला, फार नाही, पण चढला. त्याच आठवड्यात काजलचं बाळंतपण अडलं. मुलगी झाली, पण मायलेकी दोघींनाही दवाखान्यात ठेवावं लागलं. रुपेश परत कामावर आला तेव्हा बाबारावचं काम पुढं गेलं होतं. "पास झालं," ज्ञानेश्वर म्हणाले. काय पास झालं हे रुपेशनं विचारलं नाही. आपलंच झालं असं धरून चालला.

पुढच्या मे महिन्यात तो जिनिंगवर गेला, नव्या शेडची जागा मोजायला. हंगाम लांबला होता, कापूस अजून येतच होता. काम आटोपता आटोपता संध्याकाळ झाली. क्वार्टर बांधून, माणसं राहायला येऊन काही महिने झाले होते. सहज पाहावं म्हणून तो तिकडे वळला आणि लांबूनच थबकला. पश्चिमेच्या भिंतीला छज्जाच नव्हता.

वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीबाहेर, एक बाई पितळी गुंडातलं पाणी तांब्यातांब्यानं भिंतीवर मारत होती. पाणी भिंतीला लागलं की वाफ निघायची. रुपेश जिना चढून वर गेला.

"बाई, भिंतीले पाणी काऊन मारून राह्यल्या?"

"झोपू द्याव म्हून," ती म्हणाली. तिचं नाव शालूबाई. नवरा तानबा प्रेसवर कापसाच्या गाठी ओढायचा. यवतमाळकडची माणसं. "दिवसभर आग पेते अन् रात्रभर आमच्यावर ओकते, साहेब. माहं लेकरू रात्रभर रडते. हे पाणी मारलं म्हंजे जराशी निवते."

रुपेशनं भिंतीवर तळहात टेकला आणि लगेच उचलला. खोलीत डोकावला. पाच माणसांच्या अंथरुणाच्या वळकट्या, एक पंखा, तिकिटाच्या खिडकीएवढी खिडकी. त्यानं तिथूनच वैभवला फोन लावला.

"बाबारावच्या फायनलमंधी मर्यादा कोणती होती?"

वैभव म्हणाला, "सरासरीची. सरांनी बदलवायला लावली, भाऊ. मी म्हणलो, रुपेशभाऊला विचारू. ते म्हणले, त्याला दवाखान्यात कायले तरास देतो."

रुपेशनं फोन बंद केला. तेवढ्यात खालून ओरडा झाला.

टाकीजवळ मजुरांची रांग लागली होती. त्या दिवशी टँकर आला नव्हता, टाकीच्या तळाशी उरलं होतं तेवढंच पाणी. खालच्या मजल्यावर राहणारा गुलाब नावाचा फिटर वर पाहून ओरडत होता, "इथं प्याले पाणी नाई अन् ही बाई भिंतीले पाजून राह्यली!" शालूबाई दुसरा गुंड भरायला खाली उतरली तशी त्यानं तिच्या हातातल्या गुंडाला लाथ मारली. गुंड फरशीवर आपटून गडगडत गेला. शालूबाई तोल जाऊन गुडघ्यावर पडली.

तानबा पाळीवरून नुकताच सुटून येत होता. अंगावर रुईचे तंतू चिकटलेले, डोळे लाल, खांद्यावर गाठी ओढायचा लोखंडी आकडा. त्यानं बायकोला पडताना पाहिलं. शिवी दिली नाही, ओरडला नाही. चालत आला तसाच पुढं झाला आणि आकडा फिरवला. पहिला घाव गुलाबच्या हातावर बसला. गुलाब "अरे, अरे" करत मागं सरला तसा दुसरा घाव मान आणि खांद्याच्या मधे गेला आणि तिथंच अडकला. तानबानं तो पायानं रेटून ओढून काढला. रक्ताची चिळकांडी टाकीवर उडाली. बाया किंचाळल्या. माणसं मागं पळाली.

रुपेश जिन्यावरून उड्या टाकत खाली आला. त्यानं तानबाला मागून कवेत आवळलं. दोघंही चिखलात पडले. तानबानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, मांस फाटेपर्यंत. रुपेशनं गुडघा त्याच्या पाठीत घातला आणि मनगट पिरगाळून आकडा सोडवला. हाड मोडल्याचा आवाज आला. मग तानबाच्या अंगातलं सगळं बळच गेलं. चिखलात गाल टेकून तो म्हणाला, "काय झालं, भाऊ? काय केलं मी?"

गुलाबला जिनिंगच्या पिकअपमध्ये टाकलं. रुपेशनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्यातला दुपट्टा जखमेत दाबून धरला. दुपट्टा भिजला, मग पँट भिजली. कारंज्याच्या दवाखान्यात पट्टी बांधून नागपूरला न्या म्हणाले. महामार्गावर ट्रकांच्या उजेडात गुलाबचा चेहरा मधूनच दिसायचा. "मायले सांगजो," असं काहीतरी त्यानं म्हटलं, काय सांगायचं ते म्हटलं नाही. कोंढाळीच्या अलीकडे तो गेला. रुपेशला ते लगेच कळलंही नाही. तो दुपट्टा दाबूनच बसला होता.

सकाळी तो घरी न जाता सरळ ऑफिसात आला. शर्टावर रक्त वाळून कडक झालेलं. ज्ञानेश्वर केबिनमध्ये होते, एसीचा थंडगार वारा, टेबलावर चहा.

"बाबारावचा फोन आलता," ते उठून म्हणाले. "वाईट झालं बुवा. पण मजुरांचं भांडण आहे, आपला काही संबंध नाई. पोलिसांसमोर तू डिझाईनचं काही बोलू नको. समजलं? आधी घरी जाऊन आंघोळ कर."

रुपेशनं मारलं. पहिली मूठ जबड्यावर बसली आणि जबडा एका बाजूला सरकला. ज्ञानेश्वर टेबलावरून पलीकडे गेले, चहा, फाइली, संगणक सगळं खाली आलं. रुपेश टेबल ओलांडून त्यांच्या छातीवर बसला. वैभव आणि चपराशी त्याच्या एकेका हाताला लोंबकळले तरी तो मारतच होता. "चाळीस!" असं तो ओरडत होता, "चाळीस, चाळीस!" आणि प्रत्येक वेळी मूठ खाली येत होती. बाहेरची चार माणसं आत आली तेव्हा त्याला भिंतीला दाबून धरता आलं. खाली ज्ञानेश्वरांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तीन बरगड्या गेल्या होत्या, एका डोळ्याची नजर पुढं कायमची अधू झाली.

काजल पोलीस ठाण्यात आली ती ड्युटीच्या कपड्यांतच, कडेवर लेक. तिनं आधी त्याचा चावलेला दंड पाहिला, धुतला, पट्टी बांधली. मग म्हणाली, "तुमच्या मारानं ती खोली थंड झाली का?"

"नाई."

"मंग कोणासाठी मारलं?"

गुलाबसाठी मारलं असं म्हणायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण मारताना गुलाब आठवलाच नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

त्या एका सकाळनं सगळं उलटं केलं. आदल्या संध्याकाळपर्यंत रुपेश बरोबर होता. आता तो आरोपी झाला. बँडेजमधल्या ज्ञानेश्वरांचे फोटो गावभर फिरले. क्वार्टरबद्दल कोणी काही विचारेना. जामिनावर सुटल्यावर त्यानं कामगार कार्यालयात लेखी तक्रार दिली, त्या खोलीचं सगळं मांडून. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आर्वी रस्त्यावर दोन मोटारसायकली त्याला आडव्या आल्या. चौघं उतरले, तोंडाला दुपट्टे बांधलेले. त्यांनी त्याला एका शब्दानंही काही विचारलं नाही. आधी गुडघ्यावर रॉड घातला. तो पडल्यावर एकानं त्याचा उजवा हात मैलाच्या दगडावर धरून ठेवला आणि दुसऱ्यानं रॉड बोटांवर आणला. एकेक करून, घाई न करता. "लिहीत बस आता," जाताना एक जण म्हणाला. पाठवणारा कोण, हे पोलिसांना कधीच सापडलं नाही. तीन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत.

हात प्लास्टरमध्ये असतानाच तडजोडीचा निरोप आला. ज्ञानेश्वरांचा वकील घरी येऊन सभ्यपणे बसला. साहेब मारहाणीची तक्रार मिटवायला तयार आहेत, म्हणाला. तुम्ही क्वार्टरची तक्रार मागं घ्या. दोन्ही बाजू मोकळ्या. तो गेल्यावर काजल बराच वेळ भांडी घासत राहिली.

"घ्या म्हणू का नका म्हणू, मले समजत नाई," शेवटी ती म्हणाली. "घेतली तं तुम्ही घरी राहान. नाई घेतली तं जेलमंधी जान."

"तिथं अजूनही माणसं झोपून राह्यली, काजल."

"माहीत आहे मले," ती म्हणाली आणि पाणी जोरात सोडलं.

त्यानं तक्रार मागं घेतली नाही.

तानबाचा खटला आधी उभा राहिला. त्याच्या वकिलानं रुपेशला साक्षीला बोलावलं, खोलीची गरमी सांगायला. रुपेशनं सांगितली, सरासरी म्हणजे काय, प्रत्येक खोलीची मर्यादा म्हणजे काय, पाणी भिंतीवर का मारावं लागत होतं, सगळं. न्यायाधीश लक्ष देऊन ऐकत होते. मग सरकारी वकील उठला.

"त्या खोलीत किती माणसं राहत होती?"

"पाच."

"बाकीच्या चौघांनी कोणाचा खून केला?"

"कोणाचाच नाही."

"बरं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या साहेबांना मारलंत. ऑफिसात एसी होता?"

"होता."

"चालू होता?"

"होता."

"आत गरमी किती होती, इंजिनीअर साहेब?"

मागच्या बाकांवर लोक हसले. रुपेशचा मोडका हात कठड्यावर होता. त्याला वाटलं, सगळं कोर्ट त्या हाताकडेच पाहतंय. तानबाला जन्मठेप झाली.

बाहेर कडुनिंबाखाली शालूबाई बसली होती. रुपेश तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. माझ्यानं काही झालं नाही, असं काहीतरी म्हणाला.

"तुम्ही कायले मनाले लावता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ओलही नव्हती. "आकडा माह्या नवऱ्यानं मारला, भाऊ. भिंतीनं नाई मारला. त्या गुलाबची मायबी इथंच बसली होती आत्ता, तिले मी काय सांगू, गरम होत होतं म्हून?" ती उठून उभी राहिली. "पण एक सांगतो. त्या खोलीत मी माह्या लेकराले थापडा मारत होती. रोज. झोपत नाई म्हून. तिथं जायच्या आधी कधी बोट नाई लावलं त्याले. हे कोर्टाले कोणी इचारलं नाई."

रुपेशच्या स्वतःच्या खटल्यात त्याच्या वकिलानं त्याला पढवून ठेवलं होतं : डोळ्यांसमोर मृत्यू पाहिला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं सांगा. कठड्यात उभा राहिल्यावर तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर होतं. मी समजून मारलं. एक मूठ मारून थांबता आलं असतं, मी थांबलो नाही." वकिलानं कपाळाला हात लावला. सहा महिन्यांची सजा झाली.

जेलमध्ये पहिल्याच आठवड्यात एका दांडग्यानं त्याच्या वाकड्या बोटांची नक्कल केली. सगळी बरॅक हसली. रुपेश उठला, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दांडग्यानं त्याच्या पोटात मारलं. तो वाकला, पुन्हा सरळ उभा राहिला. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा दांडग्याचाच हात खाली आला. "हा येडा आहे बे," तो म्हणाला आणि जाऊन पडला. रुपेशनं त्या रात्री दुखणारी कूस बदलत विचार केला : आपण हात उचलला नाही, तो शहाणपणानं की मोडक्या बोटांमुळे? त्याला खात्री देता येईना.

तो सुटून आला तोवर एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिचा गाजावाजा कोणी केला नव्हता. कामगार कार्यालयाचे लोक अखेर क्वार्टरवर गेले, वरच्या खोल्यांत तापमान मोजायचं यंत्र ठेवून आले. बाबारावला नोटीस निघाली. त्यानं पश्चिमेला छज्जा बांधला, छतावर थर घातला, झरोके पाडले. जवळजवळ तेच, जे रुपेशच्या नकाशात होतं. बाबाराव लोकांना सांगत फिरला की मजुरांची मला काळजी म्हणून मी स्वतःहून केलं. रुपेशला हे वैभवनं सांगितलं. वैभवनं ज्ञानेश्वरांकडचं काम सोडलं होतं, पण सोडायला त्याला दीड वर्ष लागलं होतं, आणि ते सांगताना त्याची मान खाली होती. रुपेश त्याला रागावला नाही. "संगणक आण," म्हणाला. "माही बोटं चालत नाईत. मी सांगन, तू टाइप करजो."

दोघांनी रुपेशच्या घरातच काम सुरू केलं. सजा झालेल्या माणसाला काम कोण देणार? छोटी कामं मिळायची, तीही दुसऱ्याच्या नावाआडून. मग आष्टीहून एक काम आलं. तिथली एक संस्था मुलींचं वसतिगृह बांधत होती. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुली राहणार होत्या. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव, मोठे बागाईतदार, बोलायला गोड. वसतिगृह सांभाळणार होत्या अनुसयाबाई, निवृत्त शिक्षिका. रुपेश आणि वैभव निकाल घेऊन मीटिंगला गेले. प्रत्येक खोलीवर वेगळी मर्यादा लावलेली. महादेवरावांनी खर्च पाहिला आणि चष्मा काढला.

"थूल साहेब, हे प्रत्येक खोलीचं कायले? दुसरे इंजिनीअर तं सरासरी घेतात म्हणे. सरासरी घ्या ना. कोपऱ्यातल्या एका खोलीसाठी एवढा खर्च?"

रुपेशला आतून काहीतरी चढत आलेलं जाणवलं. त्याच्या डोळ्यांसमोर टाकीवर उडालेलं रक्त आलं. तो बोलायला उठला आणि उठताना त्याचा उजवा हात टेबलावर टेकला, तीन वाकडी बोटं पुढं. तो काही बोललाही नव्हता. महादेवराव खुर्चीसकट मागं सरकले. त्यांच्या शेजारच्या सभासदानं हातातला पेन छातीशी धरला. आष्टीपासून वर्ध्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसानं आपल्या साहेबाचा जबडा मोडला होता.

"बरं, बरं," महादेवराव घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं. मंजूर. लिहा रे, मंजूर."

सगळं एवढ्यात संपलं. रुपेश उभाच होता. मग तो बाहेर व्हरांड्यात आला. खिशातून फोन काढून त्यानं काजलला लावला.

"काय झालं?" तिनं विचारलं. मागं लेकीचा आवाज येत होता.

"मंजूर झालं. प्रत्येक खोलीचं."

"अरे वा! समजलं त्याईले?"

तो गप्प राहिला.

"समजलं का?" तिनं पुन्हा विचारलं.

"भेले," तो म्हणाला. "माह्या हाताले भेले, काजल. मी काही बोललोच नाई."

काजल म्हणाली, "मुलींले थंड खोली भेटंन ना?"

"भेटंन."

"मंग आता परत जा अन् समजावून सांगा. पुढच्या बिल्डिंगच्या वेळेले तुम्ही नसान तिथं."

तो आत आला. महादेवराव कागद पिशवीत घालून निघायच्या तयारीत होते. त्याला पाहून पुन्हा दचकले. "आणखी काही राह्यलं का?"

"राह्यलं, साहेब," रुपेश म्हणाला. उजवा हात त्यानं पाठीमागं धरला आणि डाव्या हातानं वैभवच्या संगणकाची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "पाच मिनिटं बसा. नाई पटलं तं मंजुरी वापस घ्या, मी काही म्हणणार नाई."

महादेवराव उभेच राहिले, दाराकडे पाहत. दोन सभासद निघून गेले. अनुसयाबाईंनी मात्र खुर्ची पुढं ओढली, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मले सांगा. ती कोपऱ्यातली खोली दाखवा आधी. कोणत्या मजल्यावर आहे?"

रुपेश खाली बसला आणि सांगू लागला.